जोसी एअरीची वकील

गेल्या मंगळवारी एक बाई माझ्याकडे आली. आली म्हणजे, कोर्टाच्या आवारात टायपिस्ट बसतात त्या चिंचेखाली ती बराच वेळ उभी होती आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक काळ्या कोटाकडे बघत होती. शेवटी माझ्याजवळ येऊन थांबली, बहुधा मी बाई आहे म्हणून. हातात मिठाईच्या दुकानाची पिशवी. पिशवीत रेशनकार्डाची झेरॉक्स, सरकारी दवाखान्याचा केसपेपर, लग्नातला एक फोटो आणि लग्नपत्रिका. पोटगीच्या कामाला लग्नपत्रिका लागते, हे तिला कुणीतरी सांगितलेलं होतं. तिने पत्रिका उलगडून माझ्या हातात दिली. घडीवर फाटून गणपतीचे दोन तुकडे झाले होते, मागून सेलोटेप लावलेली होती. मी नाव-गाव विचारणार, तेवढ्यात तिनेच विचारलं, "मॅडम, तुमची फी किती?"

बावीस वर्षं मी हा प्रश्न ऐकते आहे. काय घडलं, कुणी मारलं, घराबाहेर कधी काढलं, ते सगळं नंतर. आधी फी. आकडा ऐकून कितीतरी जणी "घरी विचारून येते" म्हणतात आणि पुन्हा दिसत नाहीत.

हा प्रश्न कानावर आला की मला दर वेळी जोसी एअरी आठवते. आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात राहणारी, मी कधी न पाहिलेली बाई. तिच्या पाठोपाठ तिची वकील आठवते. त्या वकिलाबद्दल लिहायचं माझ्या मनात फार दिवसांपासून आहे.

एलएल.एम.ला आम्हाला मानवी हक्कांचा पेपर होता. सरांनी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या काही निकालांच्या झेरॉक्स वर्गात वाटल्या होत्या. त्यात एक होता ९ ऑक्टोबर १९७९ चा, एअरी विरुद्ध आयर्लंड. निकालपत्र वाचायचं म्हणजे आम्ही मुद्द्याचा परिच्छेद शोधायचो, पेन्सिलीने खूण करायचो आणि पान उलटायचो. या निकालात मात्र मी सुरुवातीलाच, हकिगतीच्या परिच्छेदांत अडकले.

जोसीचा जन्म १९३२ चा. घर गरिबीचं. लहान वयातच तिने दुकानात विक्रेतीची नोकरी धरली. १९५३ मध्ये लग्न झालं, चार मुलं झाली. जानेवारी १९७२ मध्ये कॉर्कच्या कोर्टाने तिच्या नवऱ्याला बायकोला मारहाण केल्याबद्दल दोषी धरून दंड केला. जूनमध्ये तो घर सोडून गेला. पण कधीही परत येऊन दारात उभा राहील, ही धास्ती तिला होती, आणि आला तर त्याला अडवायला तिच्याकडे कायद्याचा कागद नव्हता. घटस्फोट मागायची सोय नव्हती, कारण घटस्फोटाला आयर्लंडच्या राज्यघटनेतच बंदी होती. उरला होता न्यायिक विभक्ततेचा हुकूम. त्याने लग्न मोडत नाही, पण एका छपराखाली राहायची सक्ती सुटते. तो हुकूम द्यायचा अधिकार फक्त हायकोर्टाला होता. नवऱ्याने विरोध केला नाही तर त्या दाव्याचा खर्च ५०० ते ७०० पौंड, आणि विरोध केला तर ८०० ते १,२०० पौंड.

१९७८ च्या अखेरीस जोसीच्या हातात आठवड्याला ३९.९९ पौंड पगार पडत होता. चाळीसला एक पेनी कमी. हा आकडा निकालपत्रात तसाच्या तसा आहे. लायब्ररीत बसून मी वहीच्या कोपऱ्यात भागाकार केला होता. नवरा भांडला असता तर तीस आठवड्यांचा अख्खा पगार. चार मुलांचं पोट बाजूला ठेवून.

एकही सॉलिसिटर तिचं काम घ्यायला तयार झाला नाही. दिवाणी कामात गरिबाला सरकारी खर्चाने वकील देण्याची पद्धतच आयर्लंडमध्ये नव्हती. मग प्रकरण स्ट्रासबर्गला, युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेलं. तिथे आयर्लंड सरकारने काय म्हणावं? या बाईला हायकोर्टात जायला कुणी अडवलेलं नाही. वकील नसेल तर तिने स्वतः उभं राहून दावा चालवावा. दार उघडंच आहे.

न्यायालयाने मग साधी गोष्ट केली. अशा दाव्यांची गिनती बघितली. जानेवारी १९७२ ते डिसेंबर १९७८ या सात वर्षांत आयर्लंडमध्ये विभक्ततेचे २५५ दावे दाखल झाले होते. वकिलाशिवाय आलेला त्यांत एकही नव्हता. न्यायालयाने म्हटलं की मानवी हक्कांचा आमचा युरोपीय करार कागदावरच्या, भासापुरत्या हक्कांसाठी केलेला नाही. हक्क माणसाला प्रत्यक्ष वापरता आला पाहिजे. पाच विरुद्ध दोन मतांनी जोसी जिंकली.

मी एकदा एका दिवाणी कोर्टात बघितलं होतं, एक म्हातारी स्वतःच्या दाव्यात एकटी उभी होती. पुकारा झाला, ती पुढे आली, तिच्याशी इंग्रजी-मराठी मिसळून कुणीतरी काहीतरी बोललं, तिने हात जोडले, पुढची तारीख पडली. ती बाहेर येऊन मला विचारत होती, "झालं का हो माझं?" म्हणून दार उघडंच आहे हे वाक्य वाचलं तेव्हा माझा गळा दाटून आला होता. निकालाच्या पहिल्या पानांवर हजर असलेल्यांची नावं होती. त्यात एका बॅरिस्टरचं नाव होतं, श्रीमती एम. रॉबिन्सन. तेव्हा तिचं वय ३५ होतं.

ही कोण, म्हणून शोधायला गेले, आणि तेव्हापासून ती माझ्या सोबत आहे. मनात मी तिला एकेरीतच हाक मारते, म्हणून इथेही तसंच लिहिते.

मेरी रॉबिन्सन, माहेरची बर्क, जन्म २१ मे १९४४, आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो परगण्यातलं बॅलिना गाव. घर मोय नदीच्या काठावर. सामन माशांसाठी ही नदी नावाजलेली आहे. आई-वडील दोघंही डॉक्टर. दोन मोठे भाऊ, दोन धाकटे आणि मध्ये ही एकटी मुलगी. मानवी हक्कांची आवड आणि कोपर मारून जागा करून घ्यायची सवय आपल्याला तिथूनच लागली, असं ती पुढे सांगायची. गावातच तिचे आजोबा सॉलिसिटर होते. ते या लहान पोरीशी मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलायचे. आपल्या जुन्या कामांच्या गोष्टी सांगायचे, जमीनदारापुढे कुळाच्या बाजूने कायदा कसा उभा करता येतो ते सांगायचे. मुलांना कायद्याची गोडी लागायची तर ती अशीच लागते, असं मला वाटतं. पुस्तकातून लागत नाही.

घर कट्टर कॅथलिक. शाळा जोगिणींची. शाळा संपताना तिने स्वतः नन व्हायचं ठरवलं होतं. एक वर्ष थांब, बाहेर जाऊन ये आणि मग सांग, असं तिला सांगण्यात आलं. ते एक वर्ष तिने पॅरिसमध्ये काढलं, आणि नन व्हायचा विचार मागे पडला. मग डब्लिनचं ट्रिनिटी कॉलेज. हे कॉलेज प्रॉटेस्टंट परंपरेचं, म्हणून कॅथलिक मुलांनी तिथे शिकणं डब्लिनच्या आर्चबिशपला मंजूर नव्हतं. तिच्या आई-वडिलांना त्यासाठी आर्चबिशपची परवानगी मागावी लागली. ही बंदी १९७० मध्ये उठली.

१९६७ मध्ये ती ट्रिनिटीच्या लॉ सोसायटीची प्रमुख झाली. प्रमुखाने वर्षारंभी एक निबंध वाचायची तिथे रीत आहे. वरच्या बाकांवर न्यायाधीश, मोठे वकील, प्राध्यापक. मेरीने विषय घेतला कायदा आणि नीती. घटस्फोटावरची बंदी काढा, गर्भनिरोधकांवरची बंदी काढा, समलिंगी संबंध आणि आत्महत्येचा प्रयत्न हे गुन्हे मानू नका, असं तिने त्या सभेत सांगितलं. धर्माला जे पाप वाटतं ते राज्याने गुन्हा ठरवायची गरज नाही, हा तिचा मुद्दा. पुढच्या तीस वर्षांत त्या देशात जे झालं त्याची जवळपास सगळी यादी त्या एका संध्याकाळी वाचून झाली होती.

त्याच वर्षी ती बॅरिस्टर झाली. मग हार्वर्डला वर्षभर. व्हिएतनाम युद्धाचे दिवस, वर्गात प्राध्यापक प्रश्न विचारून विचारून विद्यार्थ्याला घाम फोडायचे. तिथून परत आल्यावर, १९६९ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी ती ट्रिनिटीमध्ये कायद्याची रीड प्राध्यापक झाली. ही जागा ठराविक मुदतीची, आणि सोबत वकिली करायची मोकळीक असलेली. सकाळी वर्गात राज्यघटना शिकवायची आणि मग लिफी नदीकाठच्या फोर कोर्ट्समध्ये गाऊन चढवून तीच राज्यघटना न्यायाधीशांपुढे मांडायची. मी स्वतः काही वर्षं लॉ कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं आहे. सकाळच्या तासाला मुलांनी विचारलेला प्रश्न दुपारी कोर्टात कामाला येतो, हा अनुभव मला आहे. त्यामुळे तिच्या त्या दिवसांचा मला हेवा वाटतो.

ती पहिली नव्हती, हेही सांगायला हवं. आयर्लंडमध्ये पहिल्या दोन स्त्रिया बॅरिस्टर झाल्या त्या १ नोव्हेंबर १९२१ रोजी, फ्रान्सिस काइल आणि अ‍ॅव्हरिल डेव्हरेल. इंग्लंडच्या आधी. आपल्या नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा १८९२ मध्येच दिली होती, पण बाई म्हणून पदवी हातात पडली १९२२ साली. तीस वर्षांनी. आणि ज्या रीड खुर्चीवर मेरी बसली, त्याच खुर्चीवर १९२५ मध्ये फ्रान्सिस मोरन बसल्या होत्या. १९४१ मध्ये आयर्लंडमध्ये ज्येष्ठ वकिलाचा रेशमी गाऊन मिळवणारी पहिली स्त्री त्याच. मेरी ट्रिनिटीत शिकायला आली त्याच सुमारास मोरन निवृत्त झाल्या. मधल्या काळात बार रूममध्ये या बायका बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. मी वकिली सुरू केली तेव्हा आमच्या बार रूममध्ये आम्ही चौघी होतो आणि आमचे कोट टांगायला वेगळी खुंटी नव्हती. त्यामुळे १९२१ मला फार लांबचं वाटत नाही.

प्राध्यापक झाली त्याच वर्षी ती सिनेटमध्ये, म्हणजे आयर्लंडच्या संसदेच्या वरच्या सभागृहात, निवडून गेली. ट्रिनिटीच्या पदवीधरांच्या वाट्याला तेव्हा सिनेटच्या काही जागा असत. तिथे नेहमी वयस्कर पुरुष प्राध्यापकच का निवडून येतात, असं ती मैत्रमंडळींत म्हणाली. ते म्हणाले, मग तूच उभी राहा. उभी राहिली आणि जिंकली.

१९७० मध्ये तिने निक रॉबिन्सनशी लग्न केलं. तो तिच्या वर्गातला, व्यंगचित्रं काढणारा आणि प्रॉटेस्टंट. डब्लिन विमानतळावरच्या छोट्या चर्चमध्ये लग्न झालं. तिचे आई-वडील आले नाहीत. जिला शिकवलं, सगळ्या भावांच्या बरोबरीने वाढवलं, तिच्या लग्नाला आई-बाप आले नाहीत. पुढे काही महिन्यांत दिलजमाई झाली. पण तो दिवस तर गेलाच. आंतरजातीय लग्नं लावून देताना रजिस्ट्रारच्या कचेरीत साक्षीदार म्हणून मी सह्या केल्या आहेत. मुलीचं लक्ष सारखं दाराकडे असतं, ते मी पाहिलं आहे.

आणि लगेच, १९७१ मध्ये, तिने सिनेटमध्ये गर्भनिरोधकांचं विधेयक आणलं. १९३५ च्या कायद्याने आयर्लंडमध्ये गर्भनिरोधकांची विक्री आणि आयात हा गुन्हा होता. नवरा-बायकोलाही मुभा नाही. तिच्यासोबत आणखी दोन सिनेटर होते, पण राग सगळा हिच्यावर निघाला. आर्चबिशप मक्वेड यांचं पत्र डब्लिनच्या चर्चांमधून वाचून दाखवलं गेलं: असा कायदा म्हणजे देशावर शाप. विधेयक पहिल्या वाचनालाही घेतलं गेलं नाही. घरी पत्रांचा खच पडू लागला. शिव्या, शाप, धमक्या. कुणी बागकामाच्या हातमोज्यांची बोटं कापून पाकिटात घालून पाठवली. सव्वीस वर्षांची नवी नवरी रोज सकाळी ही पाकिटं फोडत होती. रस्त्यात माणसं आपल्याकडे कशी बघतात याची तिला भीती वाटू लागली. शेवटी ती पत्रं जाळून टाकली गेली, आणि त्याचं तिला नंतर वाईट वाटलं; तो पुरावा होता. मला तिची ही हळहळ फार वकिली वाटते.

त्याच वर्षी मे महिन्यात डब्लिनच्या काही बायका आगगाडीने उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला गेल्या, जिथे ही बंदी नव्हती, तिथून गर्भनिरोधकं विकत घेतली आणि परत येताना कस्टमच्या माणसांपुढे उघड मिरवली. विधेयक पडलं, पण विषय घराघरांत पोचला. १९७९ मध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीवर गर्भनिरोधकं द्यायला परवानगी देणारा कायदा झाला.

मग कोर्टातली कामं. त्या काळात आयर्लंडमध्ये सरकारी नोकरीतल्या बाईला लग्न झालं की नोकरी सोडावी लागायची. हा नियम १९७३ मध्ये उठला. आणखी एक नियम ज्युरीचा. १९२७ च्या कायद्याप्रमाणे बायकांची नावं ज्युरीच्या यादीत आपोआप येत नसत. जिला हवं तिने अर्ज करायचा, आणि वर मालमत्तेचीही अट. मायरीन डी बुर्का आणि मेरी अँडरसन या दोघींना एका निदर्शनात पकडलं होतं. आमचा खटला ज्या ज्युरीपुढे चालणार तिच्यात बायका नाहीत, हे घटनेला धरून नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या वकिलांत मेरी होती. डिसेंबर १९७५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. पुढच्या वर्षी नवा ज्युरी कायदा आला. त्यानंतर डेव्हिड नॉरिस. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कायद्याविरुद्ध तो आयर्लंडमध्ये हरला. मेरी त्याचं काम घेऊन स्ट्रासबर्गला गेली आणि १९८८ मध्ये तिथे जिंकली.

या सगळ्या कामांच्या मुळाशी एकच पुस्तक आहे, १९३७ ची आयर्लंडची राज्यघटना. आपल्याकडे कायद्याच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा सांगतो की भारताच्या घटनेतली मार्गदर्शक तत्त्वं आयर्लंडकडून आली. बाबासाहेबांनी आणि मसुदा समितीने तो विचार तिथून घेतला. मात्र त्याच आयरिश घटनेत कलम ४१ मध्ये अशी ओळ आहे की स्त्री घरातल्या आपल्या जीवनातून राज्याला आधार देते, आणि आर्थिक गरजेपोटी आयांना घरची कर्तव्यं सोडून कामाला जावं लागू नये म्हणून राज्याने झटावं. ही ओळ आपण घेतली नाही. मी घटना शिकवायचे तेव्हा हे मुलींना मुद्दाम सांगायचे. मार्च २०२४ मध्ये ही ओळ बदलण्यासाठी आयर्लंडमध्ये सार्वमत झालं, पण नवा मजकूर लोकांनी मोठ्या फरकाने नाकारला. ओळ अजून तिथेच आहे.

आणखी एक गोष्ट आहे, जी मला कुठल्या पुस्तकात वाचायला मिळाली नाही, स्वतःलाच एका रात्री सुचली. आयर्लंडकडून घेतलेल्या त्याच मार्गदर्शक तत्त्वांच्या भागात आपण १९७६ मध्ये कलम ३९अ घातलं: पैसे नाहीत म्हणून कुणाला न्याय नाकारला जाऊ नये, राज्याने मोफत विधी साहाय्य द्यावं. ज्या देशाकडून आपण घटनेतला तो भाग उचलला, त्या देशात त्याच दशकात जोसी एअरी वकील शोधत फिरत होती. तिला तो मिळाला, ती जिंकली, आणि त्या निकालानंतर, १९८० मध्ये, आयर्लंडमध्ये दिवाणी कामांसाठी सरकारी विधी साहाय्य सुरू झालं. कॉर्कच्या एका दुकानात राबलेल्या बाईमुळे.

राजकारणात मेरी दोनदा लोकसभेसारख्या खालच्या सभागृहासाठी उभी राहिली आणि दोनदा हरली. १९८५ मध्ये पक्षही सोडला, कारण उत्तर आयर्लंडच्या करारात तिथल्या युनियनवादी, म्हणजे ब्रिटनसोबत राहू पाहणाऱ्या, लोकांना विचारलंच नव्हतं, हे तिला पटलं नाही. ते लोक तिच्या बाजूचे नव्हते. तरीही. हे मला तिच्यात सगळ्यात मोठं वाटतं. १९९० मध्ये ती राष्ट्रपतिपदाला उभी राहिली तेव्हा सट्टेवाले एकाला शंभर भाव देत होते. गावोगाव फिरली, बेटांवर गेली. प्रचाराच्या शेवटी प्रतिस्पर्धी उमेदवाराच्या पक्षाचा एक मंत्री रेडिओवर म्हणाला की हिला घर-संसाराची आस्था आत्ताच कुठून आली. देशभरच्या बायका संतापल्या. पहिल्या मोजणीत ती दुसरी होती, दुसऱ्या पसंतीच्या मतांनी निवडून आली. पाळणा हलवणाऱ्या बायकांनी व्यवस्था हलवली, असं ती त्या वेळी बोलली होती.

राष्ट्रपतींचा अधिकार आपल्याकडच्यासारखाच, फार नाही. पण कायद्यावर सही त्यांची लागते. १९९३ मध्ये समलिंगी संबंधांवरचा गुन्हा उठवणारा कायदा तिच्या टेबलावर आला. नॉरिससाठी गाऊन घालून जिने युक्तिवाद केला होता, तिनेच त्यावर सही केली. नोव्हेंबर १९९५ मध्ये घटस्फोटाच्या सार्वमतात होकार जिंकला, फरक फक्त ९,११४ मतांचा. पुढच्या वर्षी ती घटनादुरुस्तीही तिच्याच सहीने लागू झाली. १९६७ च्या निबंधातल्या ओळी, एकेक करत, तिच्याच हाताखालून गेल्या. असं भाग्य कुणा वकिलाच्या वाट्याला आलं असेल?

तिच्या चुकाही मी लपवणार नाही. १९९७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचं मानवी हक्क आयुक्तपद घेण्यासाठी मुदत संपायच्या काही आठवडे आधी तिने राष्ट्रपतिपद सोडलं, आणि त्याची खंत तिने पुढे बोलून दाखवली. २०१८ मध्ये ती दुबईला गेली, घरातून पळून जाताना पकडून आणलेल्या राजकन्या लतीफाबरोबर जेवायला बसली आणि ती मुलगी मानसिक दृष्ट्या अस्वस्थ आहे असं जगाला सांगितलं. घरच्यांनी सांगितलं ते तिने खरं मानलं. २०२१ मध्ये तिने जाहीरपणे कबूल केलं की आपण फसलो, ही आपली मोठी चूक. हे वाचलं तेव्हा मी दोन दिवस बेचैन होते. बाईचं म्हणणं तिला एकटीला बसवून ऐकायचं, घरच्यांना बाहेर थांबवायचं, हे आम्ही ज्युनिअरला पहिल्या आठवड्यात शिकवतो. जोसी एअरीच्या वकिलाकडून हे सुटावं, याचं मला आजही दुःख आहे. तिने चूक मान्य केली म्हणून ते कमी होत नाही.

आणि सविता. बेळगावची सविता हलप्पनवार, एकतीस वर्षांची डेंटिस्ट, ऑक्टोबर २०१२ मध्ये आयर्लंडच्या गॉलवेमध्ये वारली. सतरा आठवड्यांचा गर्भ वाचणार नव्हता, तिने गर्भपात मागितला, बाळाचे ठोके चालू आहेत म्हणून दिला नाही, जंतुसंसर्ग रक्तात पसरला. गर्भपाताविरुद्धच्या ज्या आठव्या आयरिश घटनादुरुस्तीमुळे डॉक्टरांचे हात बांधले गेले, ती १९८३ मध्ये आली तेव्हा मेरीने सिनेटमध्ये तिला विरोध केला होता. त्या सार्वमतात ६६.९ टक्के लोक दुरुस्तीच्या बाजूने होते. २०१८ मध्ये ती रद्द करायच्या बाजूने ६६.४ टक्के. एवढा देश उलटा फिरायला पस्तीस वर्षं लागली. सविताचा फोटो डब्लिनच्या भिंतीवर रंगवला गेला, त्याखाली लोकांनी चिठ्ठ्या चिकटवल्या.

माझी भाची डब्लिनच्या एका इस्पितळात नर्स आहे. तिच्याकडे मी एका जूनमध्ये गेले होते. पहिल्याच दिवशी फोर कोर्ट्स बघायला गेले. लिफीच्या काठावर तो हिरवट घुमट, आत गोल दालन, आणि त्या दालनात वकील आणि पक्षकार उभ्या उभ्या बोलत होते. कोपऱ्यात एक बाई खांबाला टेकून कागदांची फाइल छातीशी धरून उभी होती. तिच्याकडे बघत मी इतका वेळ उभी राहिले की भाची म्हणाली, "मावशी, चल ना, काय बघतेस?"

संध्याकाळी आम्ही फिनिक्स पार्कमध्ये गेलो. राष्ट्रपतींचं पांढरं घर तिथे आहे. मेरी तिथे राहायला गेली तेव्हा तिने वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक दिवा लावला, देश सोडून पोटासाठी दूर गेलेल्या सगळ्या आयरिश माणसांसाठी. रस्त्यावरून दिसेल असा. आपल्याकडेही तिन्हीसांजेला दिवा लावताना बाहेर गेलेल्या माणसाची आठवण काढतातच. तो दिवा बघायची मला फार इच्छा होती. पण जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत लख्ख उजेड असतो. आम्ही कुंपणाबाहेर साडेनऊपर्यंत थांबलो, भाचीला पहाटेची ड्यूटी होती, मग परत आलो. दिवा दिसला नाही.

तर गेल्या मंगळवारची बाई. तिच्या प्रश्नाला मी नेहमीप्रमाणे आकडा सांगितला नाही. म्हटलं, चला माझ्यासोबत. तळमजल्यावर जिन्यामागे विधी सेवा समितीची खोली आहे. तिथला अर्ज घेतला, बाकावर बसून भरायला लागले. नाव, पत्ता, वय. ‘वार्षिक उत्पन्न’ या रकान्यापाशी ती घाबरली. "माझ्याकडे दाखला नाही," म्हणाली, "तलाठ्याकडे दोनदा गेले." मी सांगितलं, बायकांना दाखला लागत नाही. १९८७ च्या कायद्यात बाईला मोफत वकील आहे, उत्पन्न कितीही असो. तिचा विश्वास बसला नाही. तिने कारकुनाकडे बघितलं. त्याने मान हलवली.

"मग तुमची फी?"

"ती सरकार देतं."

तिने लग्नपत्रिका परत घडी घालून, सेलोटेप सांभाळत, पिशवीत ठेवली. पिशवी मांडीवरून खाली बाकाशी ठेवली. पदराने तोंड पुसलं. मग खोलीच्या दाराकडे एकदा बघून घेतलं, आणि काय झालं ते सांगायला लागली.